पेपच्या (सुई वगैरे लागल्यावर एचआयव्ही टाळण्याच्या) गोळ्या चालू आहेत, लिव्हरचं एसजीपीटी 118 आलं. थांबवू का? (इंदूर)

सुदामानगरची
नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय, कारण घरी बोलता येत नाही आणि कामावर बोललं की चार भिंतींच्या आत राहत नाही.

मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सोळा दिवसांपूर्वी संध्याकाळी एका पेशंटचं रक्त काढलं. शीर सापडत नव्हती, दुसऱ्यांदा टोचून मिळाली. सुईला टोपण लावताना पेशंटचा फोन वाजला, तो दचकला, मीही दचकले, आणि सुई ग्लोव्हमधून डाव्या हाताच्या पहिल्या बोटात. दहा वर्षं झाली हे काम करतेय, टोपण लावायचं नसतं हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण सवय.

बोट दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिट ओतलं, आणि कामाला लागले. साडेसात वाजता त्याच पेशंटचं एचआयव्हीचं कार्ड लावलं. आधी कंट्रोलची रेघ आली, मग तिच्याखाली दुसरी, म्हणजे पॉझिटिव्हची. आधी इतकी फिकट की कार्ड ट्यूबलाइटखाली धरावं लागलं. पंधरा मिनिटांनी तशी गरज उरली नाही.

त्याच रात्री एमवाय हॉस्पिटलला गेले आणि सव्वानऊला पहिली गोळी घेतली. टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन-डोल्युटेग्राव्हिर एकत्र. रोज एक, 28 दिवस. तिथे सांगितलं होतं की लिव्हर, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, सगळं सुरुवातीलाच करून घ्या. मी म्हटलं आमच्याच लॅबमध्ये करते. मालकांनी एचआयव्हीचं तेवढं करू दिलं, "बाकीचं कशाला, किट फुकट येतात का?" म्हणाले. मीही भांडले नाही.

काल स्वतःहून एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, लावलं. एसजीपीटी 118, एसजीओटी 96, बिलिरुबिन 0.8. पुन्हा लावलं, 121. मालक म्हणतात, "सोड त्या गोळ्या, लिव्हर घालवशील. एक तर तुला काही होणारच नाहीये." आज सतरावी गोळी आहे. डबी समोर आहे. घेऊ की नको?

जीरावन
ताई, मला त्यातलं कळत नाही, पण गूगल केल्यावर अंगावर काटा आला. अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या बाईला अशीच सुई लागली, तिने हीच प्रतिबंधक औषधं घेतली आणि तिचं लिव्हर बदलावं लागलं. एचआयव्ही झालाच नव्हता हो तिला! तुमचे मालक अगदीच चूक बोलत नसतील. सांभाळा.

एकटा_जीव
मी पण याच गोळ्यांवर आहे, सहावा दिवस. माझं कारण वेगळं आहे, ते इथे लिहीत नाही. वरचं वाचून पोटात गोळा आला. कुणी जाणकार आहे का?

बडोद्याची_सिस्टर
जाणकार आहेत, जरा दम धरा. सुदामानगरची, आधी सतरावी गोळी घे, मग पुढचं वाच. घेतलीस? आता बोलू.

मी बडोद्यात एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल बघते. सुई लागलेली माणसं आधी माझ्याच टेबलाशी येतात, आणि बहुतेक तुझ्यासारखी: बोट पिळून आलेली. पिळायचं नसतं, स्पिरिटही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, झालं. पण ते आता गेलं.

आधी हे सांग.
डोळे, लघवी पिवळी आहे का? भूक मेली आहे का? उजव्या बरगडीखाली दुखतं का? अंगावर पुरळ?
हिपॅटायटिस बीची लस तीनदा झाली आहे का, नंतर टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या ते, बघितलं होतं का?
त्या पेशंटचं बी आणि सी काय होतं?
आणि या सोळा दिवसांत तू गोळीशिवाय तोंडाने काय काय घेतलंस? सगळं सांग. चहा धरून.

ग्वाल्हेरचे_काका
सिस्टरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं आहे. मी फिजिशियन, आता निवृत्त, मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर. इथल्या लिहिण्याने उपचार होत नसतात, ज्यांनी गोळी दिली त्या केंद्रात उद्या जायचंच आहे, हे धरून चाला.

जीरावन, तुमची बातमी खोटी नाही, पण तिचं औषध वेगळं. ती हकीगत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने जानेवारी 2001 मध्ये छापली. सुईच्या किंवा तत्सम संपर्कानंतर नेव्हिरापिन असलेलं औषध घेतलेल्यांमध्ये 1997 ते 2000 या काळात 22 गंभीर प्रकार नोंदले गेले, त्यांतले 12 लिव्हरचे. एका 43 वर्षांच्या आरोग्य कर्मचारी बाईला लिव्हर बदलावं लागलं, हेही खरं.

गंमत अशी (गंमत म्हणू नये, पण) की नेव्हिरापिनचा हा त्रास निरोगी माणसालाच जास्त होतो. ज्याची सीडी4 पेशींची (प्रतिकारशक्तीच्या पेशींची) संख्या चांगली, त्याचं शरीर त्या औषधावर जास्त जोराने उठतं. बायकांमध्ये 250 च्या वर आणि पुरुषांमध्ये 400 च्या वर धोका वाढतो, असं धरतात. सुई लागलेली नर्स धडधाकट असते, म्हणून तिलाच फटका. तेव्हापासून पेपमध्ये नेव्हिरापिन देऊ नये असा नियमच झाला. तुमच्या डबीत ते नाही. पण "पेपने लिव्हर जातं" ही ओळ मागे राहिली आणि औषधाचं नाव गळून पडलं. आता ती ओळ लॅबच्या मालकाच्या तोंडून इंदुरात ऐकू येते.

तुमच्या गोळीतल्या तिघांपैकी लिव्हरला मुद्दाम छळणारं असं कोणी नाही. एसजीपीटी थोडं वाढू शकतं, डोल्युटेग्राव्हिरने क्वचित जास्तही वाढू शकतं, म्हणून तर तपासतात. टेनोफोव्हिरमध्ये आम्ही बघतो किडनी. त्यातही एक मेख आहे. डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनिन किंचित वर दिसतं, किडनीला काहीही न होता, कारण ते क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट अडवतं. उद्या 0.9 चं 1.05 दिसलं तर तेवढ्यावरून घाबरू नका.

118 म्हणजे नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण तिप्पट. बिलिरुबिन नॉर्मल, तुम्ही उठून कामावर जाताय. अशा वेळी गोळी चालू ठेवून काही दिवसांत पुन्हा तपासणं हीच सर्वसाधारण रीत. पाचपटीच्या वर गेलं, किंवा कमी असूनही कावीळ दिसली, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मग तेच ठरवतील थांबवायचं की बदलायचं. आणि बदलायचं म्हणजे दुसरं औषध द्यायचं. नुसतं सोडून द्यायचं नाही.

रामबागेतला
एवढं औषधांचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. सोबत गुळवेलीचा काढा घ्या, लिव्हर स्वच्छ होतं. आमच्याकडे तीन पिढ्या घेतात. भुईआवळाही उत्तम.

सुदामानगरची
घेतली गोळी. सिस्टर, तुमचं वाचून घरातल्या डब्यांवरून नजर फिरवली आणि आता रामबागेतल्यांचं वाचून हसू की रडू कळेना.

एकेक सांगते. डोळे-लघवी ठीक. मळमळ पहिले पाच दिवस होती, आता नाही. लसीचे दोन डोस कॉलेजात झाले होते, तिसरा राहिला. टायटर कधी केलं नाही. पेशंटचं एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचं) आणि एचसीव्ही (सीचं) दोन्ही निगेटिव्ह, मीच लावलं होतं.

आणि तोंडाने घेतलेलं. घरी मी गोळ्यांचं काहीच सांगितलेलं नाही, सासूबाईंना "व्हिटॅमिन" म्हटलंय. डबी खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबला आणि ती मसाल्याच्या डब्यामागे ठेवली. पण मळमळीने तोंड उतरलेलं कुठे लपतं? सासूबाईंनी तिसऱ्या दिवसापासून सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. अंगणातल्या कडुनिंबावर वेल चढलेली आहे, तिचीच कांडी ठेचतात. स्टीलचा छोटा पेला भरून, त्या समोर उभ्या असतात, पेला उलटा करून दाखवावा लागतो. तेरा दिवस झाले.

नवव्या दिवशी ताप आला. पॅरासिटामॉल 650 दिवसातून तीनदा, तीन दिवस. सोबत सर्दीची गोळी. आणि जळजळ होते म्हणून रात्री जेवणानंतर ते गुलाबी अँटासिड सिरप दोन चमचे, त्यावरच ही गोळी.

लिहिता लिहिताच लाज वाटली. रोज लोकांना "काही औषधं चालू आहेत का" विचारणारी मी.

बडोद्याची_सिस्टर
लाज नंतर, आधी सिरप. डोल्युटेग्राव्हिर आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड एकत्र गेलं की औषध त्या धातूंना चिकटून बसतं आणि नीट शोषलं जात नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत एकदम घेतल्या तर चालतं. साधी सोय: गोळी सकाळी पोह्यांबरोबर, सिरप लागलंच तर रात्री. वेळ बदलायची कशी ते केंद्रात विचार, आणि किती रात्री असं झालं तेही सांग. मला लिव्हरपेक्षा याची जास्त काळजी वाटते, खरं सांगते.

सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाच. बहुतेकांत पॅरासिटामॉल असतंच. म्हणजे तुला वाटतं 650 तीनदा, पोटात गेलं त्याहून जास्त.

डबीतला कापूस काढ. आत जी ओलावा शोषणारी पुडी आहे ती राहू दे. गोळ्या दुसऱ्या डबीत हलवू नकोस.

आणि लसीचं. आमच्याकडे नव्या मुलींना तीनाचं गणित शिकवतात. लस न घेतलेल्याला बाधित सुई लागली तर बी होण्याची शक्यता शेकडा 30 पर्यंत, सीची 3, एचआयव्हीची 0.3. आकडे ढोबळ आहेत, पण क्रम बघ. सगळं जग शेवटच्याला घाबरतं. तुझ्या पेशंटचं बी निगेटिव्ह, नशीब. तरी तुझं स्वतःचं एचबीएसएजी बघितलेलं नाही, ते उद्याच.

ग्वाल्हेरचे_काका
त्या एचबीएसएजीचं कारण फोडून सांगतो, कारण बरेच जण तिथेच चुकतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही हिपॅटायटिस बीवरचीही औषधं आहेत. एखाद्याच्या अंगात बी आधीपासून गुपचूप असेल आणि त्याला माहीत नसेल, तर या 28 दिवसांत तो विषाणू दबून राहतो. एकोणतिसाव्या दिवशी गोळी संपली की तो उसळी मारतो, आणि तेव्हा एसजीपीटी शंभरात नाही, हजारात जाऊ शकतं. म्हणजे लिव्हरला खरा धोका कधीकधी गोळी चालू असताना नसतो, ती बंद होताना असतो. मालकांचा "सोड गोळ्या" हा सल्ला अशा माणसाला दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. बी निघालाच तर डॉक्टर गोळी थांबवण्याआधी पुढची सोय लावतात.

रामबागेतले, तुमच्या तीन पिढ्यांना नमस्कार. पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल असंही म्हटलं. वाद आहे. वाद मिटेपर्यंत ज्या बाईचं एसजीपीटी 118 आहे तिने तो पेला उलटा करून सासूबाईंना दाखवावा, पण आधी सिंकमध्ये.

रामबागेतला
सिंकमध्ये कशाला, तुळशीला घालावा. बाकी ठीक आहे, वाद घालत नाही. कडुनिंबावरची गुळवेल उत्तम मानतात एवढंच सांगायचं होतं.

छप्पनवरचा_चहा
मी वकिली शिकतोय, म्हणून मालकांच्या बाजूला येतो. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. ज्या आस्थापनेत कामामुळे एचआयव्हीचा संपर्क होण्याचा मोठा धोका आहे, तिने कर्मचाऱ्यांना सुरक्षा साधनं, प्रशिक्षण आणि संपर्क झाल्यास पेप द्यायला हवं, असं त्यात लिहिलं आहे. "किट फुकट येतात का" हे वाक्य तिथे बसत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या तपासणीचा निकाल तुमचा आहे, तो लॅबमध्ये चर्चेचा विषय होणं हेही त्या कायद्याला धरून नाही. अपघाताची लेखी नोंद केली का? नसेल तर आजची तारीख टाकून करा, घडल्या दिवसाचा उल्लेख करून. मालकांची पोच घ्या. न दिल्यास ईमेल.

जीरावन
एक विचारू का, राग मानू नका. पेशंट कसला होता? म्हणजे त्या लाइनमधला वगैरे?

बडोद्याची_सिस्टर
राग मानते. भिया, रक्ताच्या नळीवर "लाइन" लिहिलेली नसते. म्हणूनच प्रत्येक नळी पॉझिटिव्ह समजून हाताळायची असते. पुढचा.

एकटा_जीव
मग मीच लिहितो. माझं कारण कंडोम फाटणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे साधारण वीस तासांनी गेलो, काउंटरवर तोंडातून शब्द फुटेना. आधी 1097 ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, फोन केला होता, त्या बाईंनी अगदी घरच्यासारखं समजावलं म्हणून पाय पुढे पडले. मला सगळ्या तपासण्या सुरुवातीलाच झाल्या. एचबीएसएजी निगेटिव्ह, एसजीपीटी 31. आता माझा प्रश्न मूर्खासारखा आहे. शनिवारी मित्राचं लग्न आहे. दोन पेग चालतील का? गोळीशी भांडण होतं का?

ग्वाल्हेरचे_काका
वीस तास म्हणजे वेळेत. 72 तासांची मर्यादा असते, पण तोवर थांबायचं म्हणून नाही. पहिले दोन तास सोन्याचे, पुढचा प्रत्येक तास भाव उतरत जाणारा.

दारूचं या गोळीशी थेट भांडण नाही. पण पंधराव्या दिवशी तुमचं एसजीपीटी 90 आलं तर मला ते गोळीचं समजायचं की मित्राच्या लग्नाचं? 28 दिवस पाण्यात लिंबू पिळून प्या. तुमच्याकडे 31 हा आकडा आहे, ही मोठी मिळकत आहे, ती गढूळ करू नका. सुदामानगरवाल्यांची अडचण नेमकी हीच आहे: 118 आहे, पण त्याच्या मागचा आकडा नाही. आज 118 दिसतं ते 20 वरून चढलंय, 60 वरून चढलंय की 150 वरून उतरतंय, कोण सांगणार?

सुदामानगरची
काका, यावरून रात्री एक वाजता डोकं चाललं. एचआयव्हीसाठी पहिल्या दिवशी काढलेलं माझं सिरम आम्ही डीप फ्रीजरला ठेवलंय. त्यावर लावू का सगळं?

बडोद्याची_सिस्टर
वा, ही खरी टेक्निशियन. एचबीएसएजी लाव, त्याला गोठलेलं चालतं. एसजीपीटीचा भरवसा धरू नकोस, तुला माहीतच आहे.

सुदामानगरची
हो, उणे वीसला त्याची अ‍ॅक्टिव्हिटी पडते, कमीच येणार. खोटा दिलासा नको. एचबीएसएजी लावते.

दोन दिवसांनी लिहितेय. बरंच झालं मधे.

एचबीएसएजी निगेटिव्ह, जुन्या सिरमवरही आणि ताज्यावरही. एचसीव्ही निगेटिव्ह. बीचं टायटर 6, म्हणजे 10 च्या खाली, संरक्षण अपुरं. राहिलेला डोस त्याच दिवशी टोचून घेतला. केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली, सकाळी. सिरप बंद, त्याऐवजी पँटोप्राझोल, त्याचं या गोळीशी वाकडं नाही म्हणे. काढ्याचं ऐकून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

आणि मागचा आकडा सापडला! गेल्या वर्षी विम्यासाठी तपासणी केली होती, तो कागद कपाटात साड्यांखाली होता. एसजीपीटी 46. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड एक. मी तेव्हा "सगळ्यांनाच असतं" म्हणून ठेवून दिलं होतं. सराफा बाजारातले तळलेले गराडू आणि आपलं शरीर, दुसरं काय.

ग्वाल्हेरचे_काका
आता बोला! म्हणजे 118 ची शिडी 46 पासून लागली आहे. लिव्हर आधीच थोडं कुरकुरत होतं, त्यावर ताप, पॅरासिटामॉल, काढा आणि नवी गोळी एकाच पंधरवड्यात येऊन पडली. यातला आरोपी कोण हे कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही, मीही नाही. पण जे बाजूला करता येतं ते बाजूला करायचं आणि जे करता येत नाही ते, म्हणजे गोळी, चालू ठेवून बघायचं. घरी कुणाला सांगितलंत का?

सुदामानगरची
नवऱ्याला. सिस्टरांनी मेसेजमध्ये बजावलं होतं, शेवटची तपासणी होईपर्यंत कंडोम, रक्तदान नाही, आणि हे त्याला न सांगता कसं जमणार? आधी गप्प बसला. मग म्हणाला, "तेवढ्यासाठी तू सोळा दिवस मसाल्याच्या डब्यामागे..." आणि पुढे बोलता येईना त्याला. काढ्याचं त्याने अंगावर घेतलं, "आई, डॉक्टरांनी तिला गरम पडतंय म्हणून सांगितलंय." सासूबाई रुसल्या आहेत. पेला बंद.

जीरावन
ताई, माझ्या आधीच्या प्रश्नाबद्दल माफी. अपडेट देत राहा.

सुदामानगरची
अपडेट. विसावा दिवस, एसजीपीटी 131. वर गेलं! काढा बंद करून तीन दिवस झाले, तरी वर. सँपल हिमोलाइज झालंय का (रक्तपेशी फुटल्यात का) ते बघितलं, सिरम स्वच्छ पिवळं आहे. मालक आज बघून "मी सांगितलं होतं" असं नुसतं मानेने म्हणाले. रडू आलं, खरं सांगते.

ग्वाल्हेरचे_काका
बिलिरुबिन?

सुदामानगरची
0.7.

ग्वाल्हेरचे_काका
मग रडणं परवापर्यंत पुढे ढकला. लिव्हर म्हणजे दिवा नाही, बटण दाबलं की विझायला. तेरा दिवस जे साठलं ते तीन दिवसांत उतरत नाही. 118 आणि 131 यांत मोठं अंतर नाही, तुमच्याच मशीनने एका बैठकीत 118 आणि 121 दाखवलं होतं. मात्र केंद्रात आकडा कळवा, आजच. चार दिवसांनी पुन्हा. रोज लावत बसू नका, नाहीतर मशीनचाच ताप येईल तुम्हाला.

बडोद्याची_सिस्टर
एक जुनी आठवण. पूर्वी काही जणांना पेपमध्ये अटाझानावीर असायचं. आमच्या एका वॉर्डबॉयचे डोळे आठव्या दिवशी हळदीसारखे पिवळे. सगळा मजला हादरला, याचं लिव्हर गेलं. एसजीपीटी 28! त्या औषधाने बिलिरुबिनचं लिव्हरमधलं काम अडतं, तेवढाच पिवळेपणा, इजा नाही. हा दिसायला आजारी आणि आतून ठणठणीत. तू उलटी आहेस, आकड्यात आजारी. म्हणून एकट्या आकड्याला किंवा एकट्या डोळ्याला विचारून चालत नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं. रिपोर्ट टाक चार दिवसांनी.

सुदामानगरची
चोविसावा दिवस: 83.

अठ्ठाविसावा: 61. शेवटची गोळी आज सकाळी पोह्यांबरोबर. डबीत दोन उरल्या, तीसची असते ना. केंद्रात परत देणार आहे.

लॅबमध्ये सुई कापायचं यंत्र होतंच, बिघडलेलं, कपाटावर. अपघाताची लेखी नोंद दिल्यावर चौथ्या दिवशी ते दुरुस्त होऊन टेबलावर आलं. पांढरा जाड डबाही आला, सुयांसाठी. मालक माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. एलएफटीचे पैसे पगारातून कापलेले नाहीत, एवढं बघितलं.

एकटा_जीव
माझे एकवीस झाले. चौदाव्या दिवशी एसजीपीटी 34. लग्नाला गेलो, शिकंजी प्यायलो, मित्र म्हणाले बायको आली का तुझ्या आयुष्यात. पुढच्या तपासण्या कधी असतात?

बडोद्याची_सिस्टर
सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. केंद्र सहाव्या महिन्यात बोलवेल तर तेव्हाही जायचं. चौथ्या आठवड्यात बरं वाटतं म्हणून माणसं नंतर फिरकतच नाहीत, मला फोन करून करून बोलवावं लागतं. तू फोन करायला लावू नकोस.

सुदामानगरची
धागा वर आणतेय. सहा आठवडे: एचआयव्ही निगेटिव्ह, एसजीपीटी 44. काल तीन महिने पूर्ण: निगेटिव्ह. कार्ड मी स्वतः लावलं नाही, हात थरथरत होता, केंद्रात दुसऱ्या बाईंनी लावलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

गोळी चालू असतानाच आकडा 131 वरून खाली आला, हे काकांनी फोनवर दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून.

काल रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. बराच वेळ हातातली वात वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या व्हिटॅमिनच्या नव्हत्या? अगं, गुडघे दुखत होते तेव्हा मीही एक घेणार होते, मसाल्याच्या मागे बघितल्या होत्या मी. पण म्हटलं सूनबाईच्या मोजून आणलेल्या असतील."